राहिलेली चार मिनिटे

सर,

प्रत्येक सामन्यानंतर तुम्ही तीन प्रश्न विचारायचात. बाई, काय पाहिलंत? कुठून पाहिलंत? आणि त्या क्षणी मनात कोण होतं? चारोटीच्या नाक्यावरच्या हॉटेलात, ट्रकवाल्यांच्या गर्दीत, चहा बशीत ओतता ओतता तुम्ही हे विचारायचात आणि मी तोंडी परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसून उत्तरे द्यायचे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला यायची. तिसऱ्याला मी ‘कुणी नाही’ म्हणायचे. तुम्ही बशी तोंडाला लावण्यापूर्वी म्हणायचात, “कुणीतरी असतंच.”

वेवजीच्या सामन्यानंतर तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत. तिसरा राहिला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिल गेला, आणि आता तुम्हीच नाही. तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत मला दुःखापेक्षा भीतीच अधिक वाटली, हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरे आहे. भीती ही की तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही आपल्या मनाशी ठरवून टाकले होते आणि म्हणूनच तो विचारला नाहीत. आणि तुम्ही ठरवलेले उत्तर चुकीचे होते.

आपली ओळख माझ्या पेपर तपासण्यातून झाली, हे तुम्ही सर्वांना हसत सांगायचात. २०१५ चे ते वर्ष. आमच्या बोर्डीच्या शाळेतल्या मुलींचा फुटबॉल संघ तालुक्याच्या स्पर्धेला निघाला होता आणि सोबत एखादी शिक्षिका असणे आवश्यक होते. मी नाही म्हणत नाही, एवढ्या एकाच गुणावर मुख्याध्यापकांनी माझी निवड केली. गणिताची शिक्षिका, वय एकेचाळीस, आयुष्यात चेंडूला पाय न लावलेली. मैदानाच्या कडेला जांभळीखाली घटक चाचणीचा गठ्ठा मांडीवर घेऊन मी बसले होते. तुम्ही त्या सामन्याचे रेफरी होता. मध्यंतरात पाणी प्यायला आलात, तेव्हा मी, कधी नव्हे ते, अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलले. त्या मुलीचा गोल तुम्ही का नाकारलात, असे विचारले.

ती चेंडूआधीच पुढे जाऊन उभी होती, म्हणजे ऑफसाइड, असे तुम्ही सांगितलेत. मी म्हटले की चेंडू तिच्यापर्यंत पोहोचला तेव्हा ती पुढे होती. तो मैत्रिणीच्या पायातून सुटला तेव्हा नव्हती.

तुम्ही गठ्ठ्याकडे पाहिलेत. मग माझ्याकडे. “पेपर तपासता तपासता बघितलंत हे?”

मी मान खाली घातली. तुम्ही म्हणालात, “मग गोल होता. चूक माझी. पण आता बदलता येत नाही. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंतच रेफरीला आपला निर्णय बदलता येतो.” वेवजीजवळच्या निवासी शाळेचे वरठा सर तालुक्यात कडक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी एका अनोळखी बाईसमोर आपली चूक इतक्या सरळपणे कबूल करावी, याचे मला फार नवल वाटले. पुढच्या आठवड्यात तुम्ही नियमांची पुस्तिका टपालाने पाठवलीत. सतराही नियम मी पाठ केले. रेफरींच्या लेखी परीक्षेत पहिली आले. आणि त्यानंतरची जवळजवळ चार वर्षे हातात निशाण घेऊन रेषेवरून धावत राहिले. शिटी काही तोंडाला लावली नाही.

यावरून आपला जो वाद सुरू झाला तो संपलाच नाही. ज्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही तोच उत्तम रेफरी, असे माझे म्हणणे होते, आणि त्याच्या समर्थनार्थ माझ्याकडे पुष्कळ मुद्दे होते. तुम्ही सगळे ऐकून घ्यायचात आणि शेवटी एवढेच म्हणायचात, “न दिसणं वेगळं, लपणं वेगळं, बाई.” मला राग यायचा. माझ्या संकोचाला मी तत्त्वाचे कपडे चढवते आहे, हे तुम्ही ओळखले होते आणि ते मला आवडत नव्हते.

शिटीचा सराव तुम्ही मला बोर्डीच्या किनाऱ्यावर करायला लावलात. सकाळी, ओहोटीच्या वेळी, सुरूच्या बनापाशी. माझ्या पहिल्या शिटीने एक कुत्रे शेपूट हलवत जवळ आले. तुम्ही म्हणालात, “त्याला वाटलं, बाई बोलावतायत. रेफरी बोलावत नाही, थांबवतो.” मी पुन्हा वाजवली. कुत्रे बसले. तुम्ही त्याला शाबासकी दिलीत, मला नाही.

मग तो हिवाळा आला, जमीन हलू लागली तो. तुमच्या बाजूला, तलासरीच्या पाड्यांवर, धक्के जास्त जाणवत. आधी पोटातून आल्यासारखा धडाड असा आवाज, मग फळीवरची भांडी वाजायची, मग कुडाची भिंत. लोक घराबाहेर झोपू लागले. आणि कुणीतरी पाड्यापाड्यांवर शिट्ट्या वाटल्या: जो जागा असेल त्याने धक्का लागताच वाजवायची आणि सगळ्यांनी मोकळ्यावर यायचे. महिन्याभरात तान्ह्या मुलांनासुद्धा शिटीचा अर्थ कळू लागला, असे तुम्ही मला फोनवर सांगितलेत. त्यानंतर चार दिवसांनी दुसरा फोन. पाड्यांसाठी मदतीचा सामना ठरला आहे. तिकीट म्हणजे एक ताडपत्री, किंवा चादर, किंवा बांबू. एका बाजूला आमच्या किनाऱ्याकडचे, वाडीवाल्यांच्या घरचे तरुण. दुसऱ्या बाजूला पाड्यावरचे, त्यांतले बरेचसे त्याच वाड्यांत चिकू उतरवायला येणारे. रेफरी तुम्ही.

मी म्हटले, फारच छान, मी रेषेवर येते.

“रेफरी मी नाही. तुम्ही. राऊतबाई. माझा गुडघा दुखतोय.”

सर, मी किती कारणे दिली. सगळ्यांत सबळ कारण सर्वांत शेवटी दिले: किनाऱ्याच्या संघाचा गोलकीपर मंदार, माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा, मी ज्या घरात राहते त्याच घरात वाढलेला. लोक काय म्हणतील? तुम्ही म्हणालात, इथे कुणाचा कुणीच नाही असा रेफरी हवा असेल तर आफ्रिकेतून मागवावा लागेल, आणि त्याची बोट येईपर्यंत पाऊस लागेल.

सामन्याच्या दिवशी सकाळीच मी तुमच्या घरी पोहोचले. मैदान म्हणजे वेवजीतले भात कापून झालेले शेत. बायकांनी धसकटे ठोकून सपाट केली होती, बांध दोन ठिकाणी फोडले होते, रेषा चुलीतल्या राखेने ओढल्या होत्या, गोलचे खांब बांबूचे. बांधाला लागूनच पाड्यावरची घरे. एका कडेला ताडपत्र्यांचा निळा ढीग वाढत होता. तुम्ही रेषेबाहेर, मैदानाच्या मध्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, शेजारी झेंड्याचा बांबू रोवलेला.

मी शिटी वाजवली. तुमच्या शिकवणीप्रमाणे, जोरात, न लाजता. आणि बांधाशेजारच्या घरातून एक म्हातारी काखेत नातू आणि दुसऱ्या काखेत कोंबडी घेऊन धावत बाहेर आली, ती थेट मैदानाच्या मध्यावर येऊन उभी राहिली. मागोमाग आणखी दोन घरांतून बायका आल्या. जमीन हलली की मोकळ्यावर यायचे. सर्वांत मोकळी जागा तीच होती. लोक पोट धरून हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. जी शिटी वाजवायला मला चार वर्षे लागली, ती ऐकून एक म्हातारी जीव मुठीत धरून धावली होती.

तुम्ही माइक मागवून घेतलात. आधी तुमच्या बोलीत, मग मराठीत सांगितलेत: आज आखूड शिटी खेळाची. लांब शिटी जमिनीची. बाई लांब वाजवणार नाहीत. वाजवलीच, तर धावा. सामना संपला की बाई दोन्ही हात वर करतील. म्हातारीने माझ्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, “हीच का ती बाई?” तुम्ही होय म्हटल्यावर म्हणाली, “बारीक हाय. लांब वाजेल का हिला?”

सामना कसा झाला हे तुम्ही पाहिलेच आहे. मला तो तुकड्यातुकड्यांनी आठवतो. पहिल्या अर्ध्यात किनाऱ्याने एक गोल केला. माझ्या शिट्ट्या इतक्या आखूड होत्या की खेळाडू एकमेकांना विचारत, वाजली का? प्रत्येक शिटीपूर्वी मी घरांच्या दारांकडे पाहत असे. पाय थरथरत होते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत थरथरतच होते. हे तुम्हाला दिसत होते की नाही, मला माहीत नाही.

माझ्या घड्याळाप्रमाणे चार मिनिटे उरली होती. तुमचा शाळेतला जुना विद्यार्थी देवू डाव्या बाजूने दोघांना चुकवून आत आला. आमच्याच वाडीत तो चिकू उतरवायला येतो, जाळीची लांब काठी घेऊन, अनवाणी. त्या दिवशीही अनवाणीच होता. समोर फक्त मंदार. देवूने पाय मागे घेतला.

आणि मी लांब शिटी वाजवली.

चेंडू तोवर सुटला होता. मंदार जागचा हलला नाही; तो माझ्याकडे पाहत होता. चेंडू बांबूंच्या मधून जाऊन शेजारच्या शेतात पडला. पण तो कुणी पाहिलाच नाही, कारण चारी बाजूंनी माणसे आत धावत होती, मुले, म्हाताऱ्या, ताडपत्र्या मोजायला बसलेले लोक, शेळ्या. दोन मिनिटांत मैदान भरून गेले. जमीन हलली का, हलली का, असे सगळे एकमेकांना विचारत होते. हलली, असे काहींनी शपथेवर सांगितले. काही म्हणाले, धावल्यामुळे कळले नाही. तुम्ही खुर्चीपाशी उभे होता. देवू कमरेवर हात ठेवून, चेंडू पडला होता त्या शेताकडे पाहत उभा होता. तेवढ्यात मंदार माझ्या कानाशी येऊन हलकेच म्हणाला, “आत्या, वाचवलंस गं.”

लोक काही मैदानाबाहेर जाईनात. शेवटी तुम्ही माइकवरून सांगितलेत की सामना थांबला आहे, संपलेला नाही. चार मिनिटे राहिली आहेत, ती पुढे केव्हातरी खेळवू. सगळे हसले. मदतीचा सामना, ताडपत्र्या जमल्या, आता कसली चार मिनिटे? पण तुम्ही हसत नव्हता.

त्या संध्याकाळी आपण चारोटीला गेलो नाही. तुमच्या ओट्यावरच बसलो. तुमच्या सौ. जमनाताईंनी चहा आणला.

“काय पाहिलंत?”

जमीन हलल्यासारखे वाटले, असे मी म्हटले.

“कुठून?”

डावीकडून, पेनल्टीच्या रेषेजवळून.

“मला खुर्चीत काही जाणवलं नाही,” तुम्ही म्हणालात. मी म्हटले की खोटी शिटी वाजली तरी बिघडत नाही, खरी न वाजण्यापेक्षा बरे. तुम्ही मान हलवलीत. “ते बरोबरच आहे. लोक धावले, चांगलं झालं. मी खेळाचं विचारतोय.” मग तुम्ही बशी उचललीत. मी तिसऱ्या प्रश्नाची वाट पाहिली. तुम्ही चहा संपवलात, बशी कपाखाली ठेवलीत आणि अंधार पडायच्या आत बस पकडा, असे म्हणालात.

नंतरच्या महिन्यांत तुमचे फोन येत राहिले. “बाई, चार मिनिटं.” कधी दहावीचे पेपर, कधी निवडणुकीची ड्यूटी, कधी भावाकडचे लग्न, माझ्याकडे कारणे नेहमीच असत आणि ती नेहमीच खरी असत. त्यांच्या आड मी लपत होते. एकदा तुम्ही म्हणालात, “मैदान पावसाआधी मोकळं आहे. मग भाताची आवणी सुरू झाली की शेत शेताचं.” मी म्हटले, मे महिन्यात नक्की. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या शाळेतून फोन आला.

तुमच्या घरी आले तेव्हा जमनाताई ओट्यावर भात पाखडत होत्या. रडून झाले होते. त्यांनी मला आपल्याशेजारी बसवून घेतले आणि सांगितले की सामन्यानंतरच्या सोमवारी तुम्ही तलासरीला गेला होता, कचेरीच्या फळ्यावर लावलेली धक्क्यांची यादी पाहायला. यादीत काय होते, हे तुम्ही त्यांना सांगितले नाहीत.

“आल्यावर मी इचारलं, काय लिवलंय? तर म्हणले, ते जाऊ दे. बाईला अजून एक प्रश्न इचारायचा राहिलाय.”

परतताना बस तलासरीला थांबली आणि मी उतरले. कचेरीपर्यंत चालत गेले. व्हरांड्यातला फळा फाटकातूनही दिसत होता, कागदावर कागद चिकटवलेला. त्या दिवशीचा कागद खाली कुठेतरी असेलच. आत जाऊन कारकुनाला विचारले असते तरी कळले असते. मी फाटकाशी बराच वेळ उभी राहिले आणि आत गेले नाही. तारखेसमोर ती वेळ असती, तर मी निर्दोष ठरले असते आणि शिटी कुणी वाजवली हे मला कधीच शोधावे लागले नसते. जमिनीने वाजवली, म्हणून मोकळी. वेळ नसती, तर तुम्ही काय समजून गेलात हे कळले असते, आणि ते सोसण्याचे बळ माझ्यात नव्हते. म्हणजे पुन्हा लपणेच. पण याच फाटकाशी उभी असताना मला चार मिनिटांचा अर्थ लागला. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंतच रेफरीला आपला निर्णय बदलता येतो. तुम्ही तो खेळ तीन महिने संपू दिला नाहीत. माझ्यासाठी उघडा ठेवलात. आणि मला वाटत होते, तुम्ही तगादा लावता आहात.

म्हणून आता तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. तुम्ही विचारला नाहीत, तरी देते.

मनात मंदार नव्हता. तुम्ही तसे समजला असाल तर तुमचा दोष नाही. जगातला कुठलाही शहाणा माणूस तसेच समजेल. मंदार स्वतःही तसेच समजतो. सामन्याच्या दिवशी सकाळी जमनाताईंनी मला घराच्या मागच्या बाजूला बोलावून घेतले होते. गुडघा वगैरे काही नाही, छाती आहे, असे त्या म्हणाल्या. डहाणूच्या डॉक्टरांनी चालायलाही मनाई केली आहे. लक्ष ठेवा, आणि मी सांगितले असे त्यांना कळू देऊ नका. मी वचन दिले. मग सबंध सामनाभर माझा एक डोळा चेंडूवर होता आणि एक तुमच्या खुर्चीवर. देवू आत शिरला तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठलात. झेंड्याचा बांबू दोन्ही हातांनी धरलात. बांबू हलला. तुम्ही हललात. माझे पाय तर हलतच होते. त्या सगळ्याची बेरीज माझ्या डोक्यात ‘जमीन’ अशी झाली, आणि मी छातीतला सगळा श्वास त्या शिटीत ओतला.

तुम्ही पडत नव्हता, सर. आपल्या शाळेतल्या मुलाचा गोल पाहायला उभे राहिला होता. हे मला तुमचा चेहरा पाहिल्यावर कळले, आणि तोवर शिटी वाजून गेली होती. मनात तुम्ही होता. हे तुम्हाला सांगायचे तर तुमचे दुखणे मला ठाऊक आहे, हे सांगावे लागले असते. तुम्ही गुडघ्याआड लपलात, मी जमिनीआड. न दिसण्याबद्दल आपण चार वर्षे भांडलो आणि शेवटी दोघेही एकाच ओट्यावर बसून चहा पीत लपलो.

गेल्या रविवारी ती चार मिनिटे खेळवली. जमनाताईंनीच निरोप धाडला होता. नांगर लागायच्या आत उरकून घ्या, म्हणाल्या. दोन्ही संघ आले, झाडून सगळे. मंदार यायला तयार नव्हता. मी त्याला सांगितले की त्या दिवशी मी तुला वाचवले नव्हते, चल. राखेच्या रेषा पुन्हा ओढल्या होत्या. तुमच्या खुर्चीवर ती म्हातारी कोंबडीसकट बसली होती. कुणी तिला उठवले नाही, मीही नाही.

मी मध्यभागी जाऊन उभी राहिले आणि बोलले. वर्गाबाहेर इतक्या लोकांसमोर मी प्रथमच बोलत होते. कागदावर लिहून आणले होते, तो कागद हातातच राहिला. मी म्हटले, “त्या दिवशी जमीन हलली की नाही, मला माहीत नाही. मी सरांकडे बघत होते. चेंडूकडे बघायला हवं होतं. शिटी चुकली.” मग नियम सांगितला: शिटी चुकीची असली तरी वाजल्यावर खेळ थांबतो, म्हणून गोल देता येत नाही, चेंडू दोघांच्या मध्ये टाकून पुढे खेळायचे.

म्हातारीने शेजारणीला विचारले, काय म्हणते बाई? शेजारणीने तिला समजावून सांगितले. “मंग त्यात काय,” ती म्हणाली, “माझेबी पाय रोज हालत.”

देवू पुढे आला. मी त्याच्या डोळ्यांकडे पाहण्याचे टाळत होते, पण तो थांबून राहिला तेव्हा पाहावे लागले. “बाई, गोल आमी तवाच मोजला,” तो म्हणाला. “सरांनी पण. तुमीच राहिलात.” आणि हसला, तुमच्यासारखाच, एका गालात.

सरांनी पण. म्हणजे तुम्ही त्याच्याशी बोलला होता. काय बोललात, हे मी त्याला विचारले नाही. विचारीन कधीतरी.

मी चेंडू देवू आणि किनाऱ्याच्या कप्तानाच्या मध्ये टाकला. आखूड शिटी. घरांतून कुणी धावत आले नाही. एक दार किलकिले झाले आणि मिटले, एवढेच. पाय थरथरत होतेच, पण कुणाचे थरथरतात हे आता मला ठाऊक होते. तिसऱ्या मिनिटाला देवू पुन्हा डावीकडून आत घुसला आणि माझ्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. म्हातारी खुर्चीतून उठली होती, कोंबडी फडफडत होती, कुणीतरी ओरडले. मी मान वळवली नाही. देवूचा पाय पाहिला, चेंडू पाहिला, मंदारने तो अंगावर घेऊन बाजूला ढकलला तेही पाहिले. डावीकडून, पेनल्टीच्या रेषेजवळून. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तयार आहेत.

चौथे मिनिट संपले. शिटी लांब वाजवायची नव्हती, म्हणून मी तुम्ही ठरवून दिल्याप्रमाणे दोन्ही हात वर केले. कुणीही पाहिले नाही. चेंडू बांधावरून परत आला, कुणीतरी तो पुढे मारला, देवू धावला, मंदार ओरडला, आणि ते खेळतच राहिले. मी मैदानाच्या बरोबर मध्यभागी, भर उन्हात, दोन्ही हात वर करून उभी होते, आणि माझ्याकडे कुणाचेही लक्ष नव्हते. हे लपणे नव्हते, सर. हात भरून आले तरी मी ते बराच वेळ खाली घेतले नाहीत.